तीन एक्स बरोबर बारा, आणि ट्युशनचा प्रश्न

मागच्या जुलैची गोष्ट. शाळा उघडून दोनेक आठवडे झाले होते, आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटीच उघडतात त्यामुळे जुलै म्हणजे वह्यांना कव्हर घालायचेच दिवस, आणि एक बाई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मी नागपुरात मानेवाडा रोडला राहते, घराच्या छपरीत 18 वर्षांपासून गणित-विज्ञानाची ट्युशन घेते, एका बॅचला 8 च्या वर मुलं बसवत नाही कारण नववं मूल बसलं की मला सगळ्यांच्या वह्या दिसत नाहीत. बाई म्हणाल्या, "मॅडम, वर्षभर मोठ्या क्लासला टाकलं होतं, पैसे भरले, पण याला काहीच येऊन नाही राहिलं." मुलगा खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता.

मी त्याला समोर बसवलं आणि सहावी-सातवीत येतं तसलं एक साधं समीकरण दिलं. तीन एक्स बरोबर बारा. त्याने लगेच लिहिलं, एक्स बरोबर बारा वजा तीन, म्हणून एक्स बरोबर नऊ, आणि खाली पट्टीने दोन रेषा मारल्या. अक्षर मोत्यासारखं. मी म्हटलं कसं केलं ते सांग. तो म्हणाला, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलते ना मॅडम." मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, तीन पेन 12 रुपयाला आले तर एक पेन कितीला पडला? "चार," एका सेकंदात. मग इथे नऊ काऊन लिहिलं रे? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी चुकीचं विचारून राहिले आणि म्हणाला, "ते पेनाचं होतं मॅडम. हे गणित आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलं नाही. या मुलाला भागाकार येतो, बाजारात त्याला कोणी फसवू शकत नाही, पण त्याला कोणीतरी एक ट्रिक पाठ करून दिली आणि ती का चालते ते सांगितलंच नाही. एक्स अधिक तीन बरोबर बारा असतं तेव्हा दोन्ही बाजूंतून तीन वजा करायचे असतात, म्हणून दिसायला तीन पलीकडे जातो आणि चिन्ह बदलतं. इथे तीनने गुणलेलं आहे, तर दोन्ही बाजूंना तीनने भागायचं. एवढंच. दहा मिनिटांचं काम होतं आणि ते दोन वर्षांत कोणी केलं नव्हतं, शाळेत 60 मुलांत झालं नाही आणि क्लासमध्ये तर 120 मुलं होती.

मी त्याला विचारलं की क्लासमध्ये तुझी वही कोण बघत होतं. तो म्हणाला तिथे वही बघत नाहीत मॅडम, तिथे टेस्ट होते. दर रविवारी टेस्ट, गोल काळे करायची शीट, संध्याकाळी वडलांच्या मोबाईलवर मेसेज, इतके मार्क, बॅचमध्ये इतकी रँक. आता बघा, तसल्या टेस्टमध्ये चार पर्याय असतात आणि तीन एक्स बरोबर बारा या प्रश्नाला नऊ हा पर्याय हमखास असतो, कारण पेपर काढणाऱ्याला बरोबर माहीत असतं की मुलं हीच चूक करतात. म्हणजे चूक ओळखता येते, ती पेपरात पेरताही येते, फक्त जो मुलगा दर रविवारी तिथे अडकतो त्याच्याजवळ जाऊन बसायला कोणी नसतं. मला राग येतो तो याचा.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीत गणपतीच्या मीटिंगमध्ये वर्गणीचा विषय संपला आणि गप्पा ट्युशनवर आल्या. एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत आमच्याकडे, फार मान आहे त्यांना, ते म्हणाले ट्युशन हा शाळेला लागलेला रोग आहे, सरळ बंदी घाला, शाळा आपोआप सुधारतील. एक तरुण बाप म्हणाला, काका तुमचा जमाना वेगळा होता, आता ट्युशन नसेल तर पोरगं मागे पडते, मी तर तिसरीपासूनच लावली. दोघंही मनापासून बोलत होते. मला दोघांचंही पटलं नाही, आणि तिथे नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहून राहिले.

माझं म्हणणं एवढं आहे की ट्यूटरचं काम एकच आहे, मूल नेमकं कुठे अडकलं ते शोधायचं आणि तिथून त्याला सोडवायचं. शाळेत शिकवलेलंच पुन्हा शिकवणं हे त्याचं काम नाही, पुढच्या वर्षीचं आधीच उरकून देणं हे तर नाहीच नाही. आणि हे काम जर इतकं गरजेचं आहे तर ते फक्त पैसे भरणाऱ्याच्या मुलालाच का मिळावं? बंदी घालायची भाषा करणाऱ्यांनी आणि तिसरीपासून ट्युशन लावणाऱ्यांनी, दोघांनीही या प्रश्नाला हात घातलेला मला दिसत नाही.

ट्युशन आता थोड्या लोकांची चैन राहिलेली नाही. केंद्र सरकारच्याच 2025 च्या शिक्षणावरच्या सर्व्हेत देशातली 27 टक्के मुलं खासगी शिकवणीला जाणारी निघाली, शहरांत 30 टक्क्यांच्या वर. गावातही तेच, असर नावाच्या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालात ग्रामीण भागातल्या पहिली ते आठवीच्या मुलांमध्ये पैसे भरून ट्युशनला जाणारी 2018 मध्ये 26.4 टक्के होती ती 2022 मध्ये 30.5 झाली. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये तर हा आकडा 70 च्या वर आहे. कोविडमध्ये शाळा बंद होत्या, घरात एकच फोन, मुलांची दोन वर्षं हातची गेली, मग आयांनी गल्लीतल्या एखाद्या ताईकडे मुलं पाठवली. त्यांचं काय चुकलं? माझ्याकडे 2021 मध्ये चौथीतली मुलं आली ज्यांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि ती मुलं ढ नव्हती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून बंदीची भाषा मला पटत नाही. आणि बंदी घालून बघितलेली आहे लोकांनी. दक्षिण कोरियात 1980 मध्ये तिथल्या लष्करी सरकारने खासगी शिकवणीवर बंदी घातली, शिकवण्या थांबल्या नाहीत, लपून चालू राहिल्या आणि महाग झाल्या, शेवटी 2000 साली तिथल्या घटनात्मक कोर्टाने बंदीच रद्द केली. चीनने 2021 च्या जुलैमध्ये शाळेच्या मुख्य विषयांचे नफ्याचे क्लास बंद केले, मोठमोठ्या कंपन्या एका रात्रीत बसल्या, आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घरी मास्तर बोलावले. बंदी आली की आधी सुटते ती गरिबाची ट्युशन, श्रीमंताला रस्ता सापडतोच. हेडमास्तर काकांना मी हे सांगायला हवं होतं.

पण मोठ्या क्लासेसबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. सीताबर्डीपासून धरमपेठ, लक्ष्मीनगरपर्यंत स्कूटरने जा, रिझल्टच्या दिवसांत होर्डिंगवर मुलांचे फोटो आणि रँक, एका एका होर्डिंगवर 40-50 चेहरे. जे चेहरे तिथे नाहीत त्यांची संख्या कोणी लिहीत नाही. मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला 2024 मध्ये 23 लाखांच्या वर मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा साधारण 1 लाख 10 हजारांच्या आसपास, म्हणजे कितीही चांगलं शिकवा, 20 मधल्या 19 मुलांना जागा मिळणारच नाही. हे क्लासवाल्यांना माहीत असतं. तरी अकरावी-बारावीचं मी एकवेळ समजू शकते, तिथे स्पर्धा परीक्षा आहे, तयारी लागते, ती शिकवणारे काही फार चांगले लोक या शहरात आहेत, त्यांच्याकडे शिकलेली मुलं आज मेडिकलला, इथल्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजला आहेत आणि आपल्या सरांचं नाव आदराने घेतात. माझा आक्षेप आठवी, सातवी, आता तर सहावीच्या फाउंडेशन बॅचला आहे. ज्याला तीन एक्स बरोबर बारा सोडवता येत नाही त्याला तिथे आयआयटीचं फाउंडेशन म्हणून नववीचं भौतिकशास्त्र शिकवतात. पाया नाही आणि वर मजला चढवून राहिले.

केंद्राने 2024 च्या जानेवारीत कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 16 वर्षांखालच्या मुलाला, किंवा दहावीची परीक्षा व्हायच्या आधी, प्रवेश द्यायचा नाही. शाळेच्या वेळेत क्लास नाही, दिवसाला 5 तासांवर नाही, आठवड्यातून एक सुट्टी, खोटी आश्वासनं नाहीत, मधेच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी 10 दिवसांत परत, प्रत्येक मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा, नियम मोडला तर पहिल्यांदा 25 हजार आणि दुसऱ्यांदा 1 लाख दंड. चांगल्या आहेत सूचना, मी दोनदा वाचल्या. पण त्या सूचनाच आहेत, अंमल राज्याने करायचा, आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी एकालाही त्यातली फी परतीची गोष्ट माहीत नव्हती. त्या मुलाच्या वडलांनी 55 हजार भरले होते, अर्धे भिशीचे, ते बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. दिवाळीतच त्यांना कळलं होतं की पोराला झेपत नाही, पण भरलेले पैसे वाया जातील म्हणून मार्चपर्यंत पाठवत राहिले, रोज सायकलने, उन्हातान्हात.

आणि त्या सूचनांमध्ये जागा मोजली आहे, तास मोजले आहेत, शिकवणारा ग्रॅज्युएट हवा असं म्हटलं आहे. एका शिकवणाऱ्यासमोर किती मुलं आणि तो त्यांच्या वह्या बघतो का, हे मला मुख्य वाटतं. बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1984 मध्ये मांडलं होतं की एकाला एक ट्यूटर मिळालेला मधला विद्यार्थी साध्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फायदा एवढा मोठा निघाला नाही, हेही सांगायला हवं, पण फायदा होतो हे परत परत दिसलं. तो फायदा कशाने होतो हे मी छपरीत बसून सांगू शकते. एकच मूल समोर असलं की त्याचा हात कुठे थांबतो ते दिसतं. खोडरबर कुठे घेतला ते दिसतं. मान हलवून राहिलं पण समजलं नाही हे डोळ्यांवरून कळतं. 120 मुलांसमोर माईक धरून उभा असलेला माणूस कितीही विद्वान असो, त्याला हे कसं दिसणार.

आता आम्हा ट्युशनवाल्यांचं. आमचंही सगळं बरोबर चाललंय असं मी म्हणणार नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी स्वतः चुकीचं करत होते. मुलं आली की शाळेचा होमवर्क काढायचा आणि फळ्यावर सोडवून द्यायचा, परीक्षेच्या आधी महत्त्वाच्या प्रश्नांची यादी द्यायची, पालक खूष, मुलं खूष, माझी बॅच फुल. एक मुलगी होती, माझ्या यादीवर घटक चाचणीत 20 पैकी 19 घेऊन यायची. दहावीच्या प्रिलिमला तिच्या शाळेने दुसऱ्या शाळेचा पेपर घेतला आणि ती अर्धा पेपर कोरा ठेवून आली. घरी येऊन तिने मला एकच विचारलं, "मॅडम, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं." ती बरोबर होती. मी तिला दोन वर्षं स्वतः विचार करू दिला नव्हता आणि त्याचे दर महिन्याला पैसे घेतले होते. त्या दिवसापासून माझ्याकडे शाळेचा होमवर्क होत नाही. मुलाने तो घरून करून आणायचा, चुकीचा असला तरी चालेल, चुकीचा असला तर उलट बरं, मला कळतं कुठून सुरू करायचं. या नियमामुळे माझ्या बॅचमधून पाच मुलं गेली त्या वर्षी.

आणखी एक गोष्ट आहे जिच्यावर बोलायला लोक कचरतात. शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही असं शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, कलम 28 मध्ये सरळ लिहिलं आहे. तरी घेतात. माझ्याकडची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आठवड्याभरात ट्युशन सोडून गेली, आईने फोन केला की मॅडम राग मानू नका, शाळेत विचारून राहिले की ट्युशन कोणाकडे आहे आणि अंतर्गत 20 मार्क त्यांच्याच हातात आहेत. मी काय म्हणणार. जो माणूस सकाळी वर्गात अर्धवट सोडतो आणि तेच संध्याकाळी पैसे घेऊन पूर्ण करतो त्याला मी ट्यूटर म्हणत नाही. हे कलम चांगलं आहे आणि ते पाळलं गेलं पाहिजे, यात मला दुसरं मत नाही.

पण शाळेच्या शिक्षकांना सगळा दोष देऊनही चालणार नाही. एकेका वर्गात 60 मुलं, वर मतदार यादीचं काम, सर्व्हे, रोज कुठली ना कुठली माहिती ऑनलाईन भरायची. कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही असं आहे, पण निवडणुका आपल्याकडे संपतात कुठे. वरून उपचारात्मक अध्यापन करा असा आदेश येतो, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवा. कधी? कोण? मग त्याची नोंदवही भरली जाते. मनपाच्या एका शाळेतल्या बाई माझ्या मैत्रीण आहेत, त्या मला म्हणाल्या, "अगं, मला कळतं कोणतं मूल कुठे अडकलं आहे, पण त्याच्याजवळ बसले तर बाकीचे 50 जण वर्ग डोक्यावर घेतात."

तर मग बसणारं दुसरं माणूस द्या ना शाळेत. हेच माझं म्हणणं आहे, मनपा आणि झेडपीच्या प्रत्येक शाळेत पगारी ट्यूटर द्या. वर्ग शिक्षकच चालवेल, ट्यूटरने फक्त जी मुलं मागे आहेत त्यांना रोज दीड-दोन तास छोट्या गटात घेऊन बसायचं, सापडलेली अडचण सुटली की मूल परत वर्गात.

हे मी हवेतलं बोलत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे. माधव चव्हाणांच्या 'प्रथम' नावाच्या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला होता. त्याच वस्तीतल्या तरुण मुली, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15-20 मुलं वर्गातून बाजूला घ्यायची आणि रोज दोन तास वाचन आणि गणिताचा पाया पक्का करायचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, 2007 मध्ये तो छापून आला, मुलांचे मार्क पहिल्या वर्षी वाढले, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाला. याच दोघांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत. त्याच अभ्यासात हेही आहे की बालसखी थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला, म्हणून हे एका वर्षाचं अभियान करून चालणार नाही, सतत चालू ठेवावं लागेल.

धोरणवाल्यांना हे माहीत नव्हतं असंही नाही. कस्तुरीरंगन समितीच्या 2019 च्या नव्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी स्थानिक लोकांमधून, खास करून बायकांमधून, मदतनीस शिक्षक घ्यायचा 10 वर्षांचा कार्यक्रम सुचवलेला होता, शाळेच्या वेळेत, शाळेनंतर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही वर्ग घ्यायचे असं त्यात होतं. 2020 चं जे अंतिम धोरण आलं त्यात तो कार्यक्रम त्या रूपात राहिला नाही, मुलांनी मुलांना शिकवणं आणि स्वयंसेवकांनी येऊन शिकवणं यावर भर आला. स्वयंसेवा चांगलीच, पण स्वयंसेवक पोळ्याला येत नाही, लग्नसराईत येत नाही, नोकरी लागली की येत नाही, आणि अडकलेल्या मुलाला रोज तेच माणूस समोर लागतं. इंग्लंडने कोविडनंतर सरकारी पैशातून शाळांमध्ये ट्यूटर दिले होते, पण सरकार आपला वाटा दरवर्षी कमी करत गेलं, शाळांना उरलेला खर्च झेपेना आणि 2024 मध्ये ते पैसे बंद झाले.

माणसं कुठून आणायची असं विचारतात. माणसं आहेत हो. माझ्या ओळखीतच सहा मुली आहेत डी.एड. झालेल्या, दोघी बी.एस्सी. बी.एड. शिक्षक भरतीची ती अभियोग्यता परीक्षा 2017 मध्ये झाली, त्यानंतर थेट 2023 मध्ये. मधली पाच वर्षं या मुलींनी काय करायचं? कोणी कपड्याच्या दुकानात आहे, कोणी दुसऱ्याच्या क्लासमध्ये महिना 6 हजारावर शिकवते, कोणी माझ्यासारखी घरी चार मुलं घेते. या मुलींना मुलाच्या घरची भाषा कळते, आणि ही लहान गोष्ट नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या सोबतीने वीस सात असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढी आरडाओरड झाली होती, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटे शब्द लहान मुलांना अडवतात. माझ्याकडे आजही सेमी इंग्रजीची मुलं एकोणपन्नास म्हटलं की 59 लिहितात, कारण कानावर पन्नास पडतं. शाळेच्या टेस्टमध्ये ते गणित चुकलं असं दिसतं. त्याला गणित येतं, शब्द येत नाही. हे ओळखायला पीएचडी लागत नाही, मुलाजवळ बसायला लागतं आणि आपल्या घरी एकोणपन्नास म्हणतात हे माहीत असायला लागतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. शिक्षक संघटनेतले लोक म्हणतील की सरकार याच मुलींना 5 हजार मानधनावर ठेवेल आणि कायमच्या शिक्षकांच्या जागा भरणारच नाही. ही भीती उगीच नाही, शिक्षणसेवकांना आपल्या राज्यात वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर राबवलेलं आपण बघितलं आहे. म्हणून ट्यूटरची जागा शिक्षकाच्या जागेशिवाय वेगळी असली पाहिजे, शिक्षक पुरेसे नसतील तिथे आधी शिक्षक द्या, आणि ट्यूटरला तासाप्रमाणे नीट पैसे द्या, वर्षाचे 10 महिने तरी, वेळेवर. बालसखींना तेव्हा महिन्याला 500 ते 750 रुपये मिळत होते. ते आज कोणी देऊ म्हणेल तर मी पहिली विरोध करीन. स्वस्तात काम होतं म्हणून कोणी हे करू नये.

मुलांवर ढ चा शिक्का बसेल असंही म्हणतात. शिक्का आताही बसलेलाच असतो, मागच्या बाकावर बसून बसून तो घट्ट होतो. दोन महिन्यांत वाचायला लागलेलं मूल परत वर्गात गेलं की तो पुसला जातो, मी हे 18 वर्षांत कितीदा तरी बघितलं आहे.

आणि पालकांना हात जोडून सांगणं आहे. ट्युशन लावायच्या आधी फी विचारता, टायमिंग विचारता, किती मुलं बोर्डात आली विचारता, तसं हेही विचारा की माझ्या मुलाची वही कोण बघणार आणि आठवड्यातून किती वेळा. महिन्याभराने जाऊन विचारा, याला नेमकं काय येत नाही. "थोडं लक्ष कमी आहे", "प्रॅक्टिस वाढवा" असं उत्तर मिळालं तर त्या माणसाने तुमच्या मुलाकडे बघितलेलंच नाही. "याला ऋण संख्यांची बेरीज जमत नाही" असं उत्तर आलं तर तिथेच ठेवा, मग ती ट्युशन एसी हॉलमध्ये असो की कूलर लावलेल्या छपरीत. तिसरीपासून ट्युशन लावणाऱ्या त्या दादांना मी विचारलं होतं मीटिंगमध्ये, तुमच्या मुलाला काय अडतं? ते म्हणाले अडत काही नाही, सगळे लावतात म्हणून लावली. मग काढा ना ती ट्युशन, संध्याकाळी खेळू द्या, सात-आठ वर्षांचं लेकरू आहे ते. अडलं तर मी आहेच शेजारी, पैसे नका देऊ.

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. माझ्याकडून त्याला दिवाळीतच मोकळं करायचं माझ्या मनात होतं, जमलं नाही, समीकरणं सुटली तर मागे अपूर्णांक निघाले, अपूर्णांक झाले तर ऋण संख्या निघाल्या, एकाखाली एक. पण आता तो चूक झाली की स्वतःच थांबतो आणि पेनात मांडून बघतो, तसं वहीच्या कडेला लहान अक्षरात लिहिलेलं असतं, 3 पेन, 12 रु. वजा पाच वजा तीन म्हणजे अजूनही कधी कधी आठ लिहितो, पाठ केलेलं वजा वजा अधिक डोक्यातून जात नाही. काल त्याच्या आईला मी सांगितलं, तुमच्याकडे किराणावाल्याची उधारीची वही आहे ना, ती त्याच्याजवळ सोमवारी पाठवा, पाच रुपये आधीचे बाकी आणि वरून आणखी तीन नेले तर किती द्यायचे राहिले, तिथून सुरू करू. त्या म्हणाल्या, "मॅडम, ती तर खूप मळकी वही आहे." मी म्हटलं तशीच पाठवा.